आईच्या मापाची खुर्ची

घरच्या घरी फर्निचर बनवणाऱ्या हौशी पुरुषांबद्दल माझं मत चांगलं नाही आणि ते आता बदलेल असंही वाटत नाही. परवा विचुंब्याच्या एका नव्या टॉवरमध्ये मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या नवऱ्याने चहा येण्याआधीच मला बाल्कनीत नेलं आणि स्वतः बनवलेली आरामखुर्ची दाखवली. पॅकिंगच्या फळ्या, वर पांढरा रंग, पाठ मागे कलती करायला बिजागऱ्या. तिच्यावर गाद्या इतक्या, की लाकूड दिसू नये हाच हेतू असावा. "बसून बघा ना," तो म्हणाला. मी बसले नाही. मी विचारलं, "कोणासाठी केलीत?" तो गडबडला. "म्हणजे असंच. बाल्कनीसाठी." बाल्कनीला गुडघे असतात का, असं मी विचारणार होते, पण मैत्रिणीने घाईघाईने चहा आणला. माझं तोंड उघडलं की लोक चहा आणतात, याची मला सवय आहे. खुर्ची कोणासाठी, हा प्रश्न मात्र माझा नाही. तो मी आमच्या नवीन पनवेलच्या घराच्या अंगणात सतराव्या वर्षी ऐकला, आणि त्याचं खरं उत्तर तिथे दोघांनाच ठाऊक होतं, त्यांतली एक मी.

आमचं घर म्हणजे सरकारी आखणीतलं रो-हाउस. पुढे ओट्याएवढं अंगण, त्यात शहाबादी फरशी, कुंपणाला लागून एक जंगली बदाम. रांगेतली सगळी घरं सारखी, म्हणून प्रत्येकाने गेटला वेगळा रंग देऊन आपण वेगळे असल्याची समजूत करून घेतलेली. बाबा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पंचवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी बनवायच्या वस्तूंची चित्रं काढली. मग कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि बाबांना हार, शाल, श्रीफळ देऊन मुदतीआधी घरी पाठवण्यात आलं. ते ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि पेन्सिलींचा डबा घेऊन परतले आणि समोरच्या खोलीतलं डायनिंग टेबल त्यांनी ताब्यात घेतलं. त्या दिवसापासून आम्ही खाली पाटावर जेवायला लागलो. घरातल्या प्रत्येक वस्तूकडे ते असं बघायचे, की जणू तिचं ड्रॉइंग चुकलेलं आहे. साबणदाणी, कपडे वाळत घालायची काठी, देव्हाऱ्याचा कळस, काहीच सुटलं नाही. मला त्यांची लाज वाटायची. सतराव्या वर्षी मला आईबाप सोडून जगातलं सगळं कळत होतं.

त्याच वर्षी आईचं हृदय थकलं. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या: जिने नाहीत, मीठ जवळजवळ नाही आणि सपाट झोपणं नाही, कारण आडवी झाली की तिचा दम कोंडायचा. "पाठ साधारण पंचेचाळीस अंशांत असू द्या," डॉक्टर सहज म्हणाले. हे त्यांनी ड्राफ्ट्समनच्या देखत बोलायला नको होतं. बाबा घरी येऊन डब्यातून पंचेचाळीस अंशांचा सेट-स्क्वेअर काढून आईच्या पाठीमागे धरून बसले आणि उशा एकेक सेंटिमीटर सरकवू लागले. आई म्हणाली, "अहो, मी पूल नाहीये." पण उशा सरकायच्याच. तासाभरात ती खाली घसरलेली असायची, मानेत वाक, हनुवटी छातीवर. तिला खरं हवं होतं ते अंगण. दुपारी चारच्या सुमाराला खाडीकडून वारा यायचा, बदामाची पानं वाजायची, आणि घरात बसून ते नुसतं ऐकणं तिच्या जिवावर यायचं. "चार वाजता मला बाहेर टेकायला मिळालं ना, तर बाकीचे तेवीस तास मी काढीन," असं ती म्हणायची. प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसवत नव्हतं आणि खाटेवर पडवत नव्हतं.

स्वयंपाकघरात दोन पातेली चढायला लागली. एक अळणी, ते आईचं. बाबांनीही मीठ सोडलं, कोणी सांगितलं नसताना. अळणी कोलंबीची आमटी समोर घेऊन हा माणूस "छान झालीये" म्हणायचा. तो ढोंगीपणा बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मिठाचं पातेलं माझ्या एकटीचं. सुके बोंबील भाजले की आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसता वास घ्यायची आणि म्हणायची, "खा गं बाई, माझ्या वाटचंही तूच खा." मी खायचे. चवीने खायचे. आज माझ्यासमोर दोन गोळ्या आणि अळणी वरण असतं तेव्हा मला हे आठवतं, पण आठवून उपयोग काय.

जुन्या पनवेलच्या बाजारात तेव्हाही आरामखुर्च्या मिळत होत्या. कापडाच्या, घडीच्या, वेताच्या. आई म्हणाली, एक आणा. बाबा गेले, चार दुकानं फिरले, आणि रिकाम्या हाताने पण उजळलेल्या चेहऱ्याने परत आले. "एकाही खुर्चीला अँगल नाही," ते म्हणाले. "सगळा अंदाजपंचे कारभार. मी करतो." आईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते सायबर कॅफेतून प्रिंटांची चळत घेऊन आले. परदेशातल्या कुठल्या तरी हिरवळीवर ठेवलेली रुंद पट्ट्यांची खुर्ची, पाठ मागे कलती, टेकू तीन खाचांत बसणारा. मापं सगळी इंचांत. बाबांनी रात्रंदिवस एक करून ती मिलिमीटरमध्ये उतरवली. बसायच्या जागेची खोली एकवीस इंच, म्हणजे पाचशे तेहतीस पूर्णांक चार. 'पूर्णांक चार' म्हणताना त्यांचा आवाज देवाचं नाव घेतल्यासारखा हळू व्हायचा. ज्या माणसाला करवत सरळ धरता येत नव्हती, तो मिलिमीटरच्या दशांशावर अडून बसला होता.

वखारीतून पाडलेल्या घराच्या चौकटीचा जुना साग आला. करवत, रंधा, पटाशी आली. मग दीड महिना आमच्या अंगणातून घासण्याचा, ठोकण्याचा आणि "अरेरे" असा आवाज येत राहिला. बाबांच्या अंगात बनियन, कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा. रांगेतले सगळे निवृत्त लोक कुंपणाशी येऊन उभे राहायचे. त्यांतले सावंतकाका म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, उंटावरचे शहाणे. त्यांनी आयुष्यात बल्ब बदलला नसेल, पण सागाची जात, स्क्रूचा आटा, पॉलिशचे थर यांवर ते अर्धा अर्धा तास बोलायचे आणि बाबा टिपणं घ्यायचे. दोन अडाणी एकमेकांना शहाणे ठरवत होते आणि मी खिडकीत केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं टाकून हा तमाशा पाहायचे. खुर्ची उभी राहिली तेव्हा ती डुगडुगली. बाबांनी चारदा लेव्हल लावून पाहिली आणि जाहीर केलं की फरशीला उतार आहे. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी माझ्याच अंगणात, शब्दशः घडताना पाहिली आहे.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. मी ते नेहमीच मागे टाकते.

लाकूड कापण्याच्या आदल्या दिवशी बाबांना शंका आली होती. कागदावरचा माणूस पावणेसहा फुटी होता. आमची आई चार फूट अकरा इंच. त्यांनी टेप काढली आणि कॉटवर टेकलेल्या आईला म्हणाले, "जरा आडवी हो, गुडघ्यापर्यंतचं माप घेतो." आईने टेपकडे पाहिलं आणि हसली. "मला आडवी करून माप घेऊ नका. ते घेणारे येतील त्यांच्या वेळेला." आमच्याकडे आजारी माणसाचं आडवं माप घेत नाहीत; तसं माप तिरडीसाठी घेतात. बाबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, तरी त्यांनी टेप अशी सोडली, की ती सर्रकन डबीत गेली. मग ते माझ्याकडे आले. मी क्लासला निघाले होते, गेटमध्ये उभी. अंगणात त्यांनी विटा रचून वर फळी ठेवली होती. "तू अगदी आईच्या अंगाची आहेस," ते म्हणाले. "दोन मिनिटं बस इथे. गुडघ्याचं, पाठीचं, कोपराचं माप घेतो. दोनच मिनिटं."

रस्त्यावरून माझ्या वर्गातली मुलं सायकलवरून चालली होती. सावंतकाका कुंपणाला होतेच. मला ते दृश्य दिसलं: मी विटांवर बसलेली, बनियनमधला बाप गुडघे टेकून माझ्या पायाला टेप लावतोय. मी म्हणाले, "शेजाऱ्यांसमोर मी विटांवर बसू? तुमच्याकडे एवढे कागद आहेत ना, त्यांनाच बसवा." आणि गेट आपटून गेले. क्लासमध्ये मी हे मैत्रिणींना रंगवून सांगितलं. सगळ्या खूप हसल्या.

खुर्ची पुरी झाली त्या रविवारी बाबांनी शेजाऱ्यांना चारला चहाला बोलावलं. एका खुर्चीचं उद्घाटन! आईने हिरवी साडी नेसली, खुर्चीच्या हातांना हळदकुंकू लावलं. चिवडा झाला होता, आईला चालणार नाही असा, मीठ घातलेला, पाहुण्यांसाठी. खुर्ची दिसायला देखणी होती, हे मला कबूल केलं पाहिजे. सागाचा रंग मधासारखा उठला होता. बाबांनी आईचा हात धरून तिला बसवलं आणि पाठ मागे घेतली. खुर्ची इतकी खोल, की आईची पाठ टेकायला गेली तेव्हा तिचे गुडघे पट्ट्यांवरच राहिले आणि पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबकळले, लहान मुलीचे लोंबकळावेत तसे. मग ती घसरू लागली. कमरेखाली पोकळी, मान पुढे, हनुवटी छातीवर. उशांवर व्हायचं तेच, फक्त सागवानी.

"तिसरी खाच जरा जास्त होतेय," बाबा मागे टेकूशी वाकून म्हणाले. "दुसरीत घेऊ." सावंतकाकांनी पहिली सुचवली. दोघांची चर्चा सुरू झाली. आई हसत होती, पाहुणे होते म्हणून. मी दारात उभी होते. मला एक वाक्य सुचलं होतं आणि सुचलेलं वाक्य गिळायची मला तेव्हाही सवय नव्हती. मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, ती खुर्ची आईसाठी नाहीच. ती ड्रॉइंगसाठी केलीय. ड्रॉइंगलाच बसवा तिच्यात." हशा पिकला. सावंतकाकांच्या कपातला चहा हिंदकळला. बाबाही हसले, खाली बघत.

त्या हशात गेट वाजलं. जनाबाय आली होती, उरणकडून मासळी घेऊन येणारी आमची कोळीण. एरवी ती रविवारी सकाळीच येऊन जायची, त्या दिवशी उशीर झालेला. तिने पाटी धाडकन खाली टाकली. "अरं हसताव काय सगले! तिचा दम कोंडलाय. उठवा तिला!" कोणी हलायच्या आत ती आईपाशी पोचली, काखेत हात घालून तिने आईला एका हिसक्यात उभी केली आणि छातीशी धरली. आईचे ओठ निळसर झाले होते. ती श्वास ओढत होती तो आवाज सगळ्या अंगणाने ऐकला. हिरव्या साडीला मासळीचं पाणी लागलं. किती वेळ ती तशी गुदमरत होती, कोणाला ठाऊक. बाबा तिच्या मागे होते, त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता. मी समोर होते. मला दिसत होता. मी माझ्या वाक्याकडे बघत होते.

डॉक्टर आले, गोळी जिभेखाली गेली, आई निभावली. पाहुणे चिवडा तसाच टाकून पांगले. सावंतकाका जाताना म्हणाले की त्यांनी पहिली खाच सुचवली होती. त्या माणसाला मी आजतागायत माफ केलेलं नाही. तो वारला, तरीही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली नाही. डायनिंग टेबलावरचा बोर्ड उचलून माळ्यावर टाकला. मग करवत घेऊन अंगणात गेले आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवून तसेच उभे राहिले. ते ती तोडून बंबात घालणार होते. मी खिडकीतून बघत होते आणि, खरं ते सांगते, मला बरं वाटत होतं. चूक त्यांची होती हे सगळ्या रांगेसमोर सिद्ध झालं होतं. खुर्ची जळाली की तो कागद जळणार, विटा जळणार, गेट आपटल्याचा आवाजसुद्धा जळणार.

तेवढ्यात जनाबाय आली, आणि तिच्याबरोबर तिचा भाऊ, हाशाकाका. खाडीवरच्या होड्यांचा सुतार. काळाकुट्ट, बुटका, एका डोळ्यात फूल पडलेलं. तो सरळ खुर्चीकडे गेला. खुर्चीभोवती फिरला, पट्ट्यांवरून तळवा फिरवला, सांधे वाजवून पाहिले.

"लाकूड चांगला हाय," तो म्हणाला. "सांधंपन बरं जमलंत. तोरू नको सायब." मग त्याने बसायच्या पट्ट्यांवर वीत टाकली, अडीच विती भरल्या, आणि मान वर केली. "ही कोनासाठी केली?"

"बायकोसाठी," बाबा म्हणाले.

"मंग माप कोनाचा घेतला?"

मी खिडकीशी होते. माझं केमिस्ट्रीचं पुस्तक हातातून पडलं नाही की काही नाही. बाबांनी फक्त खरं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मुलीला म्हटलं होतं, ती बसली नाही. एवढं एक वाक्य. मी त्यांचं रांगेसमोर हसं केलं होतं, त्याला चोवीस तासही झाले नव्हते. त्यांनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घ्यायचं राहून गेलं," ते म्हणाले. "माझीच चूक."

हाशाकाका जोरात हसला. "येवरा शिकलेला मानूस, आनि माप इसरला!" बाबांनी ते ऐकून घेतलं. इतर कोणत्याही दिवशी ते हसू मला गोड लागलं असतं.

मी बाहेर गेले. पायात चपलाही नव्हत्या. "आई माझ्याएवढीच आहे," मी म्हणाले. "माझं घ्या." विटा अजून बदामाखाली तशाच होत्या. मी बसले. रस्त्याने माणसं जात होती, सायकली जात होत्या. हाशाकाकाने खिशातून सुतळी काढली आणि बाबांच्या हातात दिली. "मी परका मानूस. तू घे, तुजीच पोर हाय." बाबा गुडघे टेकून खाली बसले. त्यांनी टेप मागितली नाही. टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली. गुडघ्यापासून कमरेपर्यंत, गाठ. कमरेपासून मानेपर्यंत, गाठ. मला सांगायचं होतं की बाबा, चूक माझी आहे. मी म्हणाले, "सुतळी ढिली धरलीय तुम्ही." असली जीभ. त्यांनी ती ताणून धरली.

दोघांनी मिळून खुर्ची त्या मापावर उतरवली. पाय चार बोटं कापले, बसायच्या पट्ट्या मागून सहा बोटं कमी केल्या, पाठ पुढे आणली. हात मात्र हाशाकाकाने पुढे वीतभर वाढवायला लावले. बाबांनी विचारलं, कशाला? कागदात नाहीत. तो म्हणाला, "बसता कोनालापन येतं, सायब. उठता आला पायजे." खाचा त्याने तीनच्या सहा केल्या आणि आईलाच विचारून टेकू बसवला. चौथ्या खाचेत आईने डोळे मिटले आणि म्हणाली, "इथे." बाबांना सेट-स्क्वेअर आणावासा वाटत होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी आणला नाही.

आईला ते अंगण पुढे दोन पावसाळे मिळाले. रोज चारला ती बाहेर यायची, हिरवी शाल गुडघ्यांवर, पाय फरशीवर पुरे टेकलेले. पानं वाजायची, कुणाचा तरी कुकर व्हायचा, लांबून गाडीचा भोंगा यायचा. जनाबाय पाटी उतरवून तिच्या पायाशी गप्पा हाणायची. उठताना आई खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर द्यायची आणि एकटी उठायची, आणि बाबा दारातून ते बघायचे. विटांची गोष्ट तिला ठाऊक होती की नाही, मी कधी विचारलं नाही. ती गेली त्यानंतर बाबांनी दारात उभं राहणं सोडलं. मीठ मात्र त्यांनी पुन्हा कधीच खाल्लं नाही, आणि त्याला ढोंग म्हणायचं धाडस माझ्याच्याने झालं नाही.

आता घर माझ्याकडे आहे. बाबाही गेले. बदाम अजून आहे, खाडीच्या वाऱ्यात विमानांचा आवाज मिसळला आहे, आणि रांगेतल्या निम्म्या अंगणांवर लोकांनी पत्रे घालून खोल्या काढल्या आहेत. खुर्ची माळ्याखाली पडून होती. कितीतरी वर्षं मी तिच्यावर कपड्यांची गाठोडी ठेवली, पण बसले कधी नाही. त्याआधी पाहुणे तिच्यात बसायचे आणि लगेच उठायचे, लहान पडते म्हणून. परवा विचुंब्याहून परत आले, त्या बाल्कनीतल्या गाद्या डोक्यात घेऊन चिडलेली. गाठोडी खाली टाकली, खुर्ची ओढत अंगणात आणली, टेकू चौथ्या खाचेत बसवला आणि बसले.

पाय फरशीवर पुरे टेकले. गुडघे कडेला बरोबर आले. मान जिथे ठेवायची तिथे पट्टी होती. मी सवयीने चूक शोधायला लागले. इकडे सरकले, तिकडे सरकले, सांधे दाबून पाहिले, डुगडुगते का पाहिलं. बराच वेळ शोधली. एकही सापडली नाही.